उत्क्रांतीचा अ‍ॅडव्हान्स्ड पेपर: आधी झाड, मग पेन्सिल, नोट्स शेवटी

दरवर्षी तेच होतं. एम.एस्सी.ची मुलं येतात, वहीत तीन रंगांच्या पेनांनी काढलेल्या नोट्स असतात, निवडीचे प्रकार व्याख्येसकट पाठ असतात. मी पाठकोऱ्या कागदावर पाच टोकांचं एक झाड, म्हणजे जीवांच्या नात्यांचा फांद्याफांद्यांचा आराखडा, काढतो आणि विचारतो, "यात बेडूक कुणाच्या जवळचा?" मग खोलीत फक्त पंख्याचा आवाज येतो.

या मुलांनी अभ्यास केलेला असतो, फक्त क्रम उलटा असतो. आधी सिद्धांत पाठ, मग जमलं तर गणित, आणि झाडं परीक्षेच्या आदल्या रात्री. खाली दिलेला क्रम नागपुरात प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि बायोटेकच्या मुलांना शिकवताना ठरत गेला आहे. सगळं नीट करायला दोन महिने लागतात. टप्पे मागेपुढे करू नका, कारण प्रत्येक टप्प्यात आधीच्या टप्प्याचं उत्तर वापरलं आहे.

तयारी: शब्द, गणित आणि मणी

पहिलं काम शब्दांचं. मराठी माध्यमातून आलेल्यांना इथे तीन खड्डे लागतात. "उत्क्रांती"तला "उत्" वरच्या दिशेचा आहे, त्यामुळे डोक्यात जिना तयार होतो: खाली अमीबा, वर आपण. या विषयात जिना नाही. दुसरा खड्डा "जाती" आणि "प्रजाती"चा. आपल्या शाळेच्या पुस्तकात स्पीशीज म्हणजे जाती आणि जीनस म्हणजे प्रजाती, तर वर्तमानपत्रं स्पीशीजलाच बिनदिक्कत प्रजाती म्हणतात. वहीच्या पहिल्या पानावर एक अर्थ लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. तिसरा शब्द फिटनेस. त्याचा अंगातल्या ताकदीशी संबंध नाही. पुढच्या पिढीत तुमच्या जनुकांच्या किती प्रती पोचल्या, एवढाच तो हिशेब.

बारावीला गणित सोडलेल्यांनी आठ दिवस फक्त तीन गोष्टी घोटाव्यात: शक्यतांचा गुणाकार, भारित सरासरी आणि चक्रवाढ व्याजासारखा घातांक. कॅल्क्युलस नंतर लागतं, सुरुवातीला नाही.

तिसरं काम बाजाराचं. इतवारीतून एकाच मापाचे दोन रंगांचे मणी आणा, प्रत्येकी पन्नास. तूर आणि हरभरा चालणार नाही. का, ते चौथ्या टप्प्यात कळेल.

टप्पा १: झाड वाचायला शिका

पाच प्राणी घ्या: रोहू, बेडूक, उंदीर, पाल, कबुतर. मुळापाशी पहिली फांदी रोहूची. उरलेल्यांतून आधी बेडूक फुटतो, मग उंदीर, आणि शेवटच्या गाठीतून पाल व कबुतर. हे कागदावर काढा, पण तिथे थांबू नका. खराट्याच्या काड्या आणि दोरा घेऊन तेच झाड प्रत्यक्ष बांधा आणि पंख्याच्या हुकाला नाही तर खिडकीच्या गजाला टांगा. वारा आला की प्रत्येक गाठ गोल फिरते. टोकांचा डावा-उजवा क्रम बदलतो, नातं मात्र जसंच्या तसं राहतं. अशा चार गाठी आहेत, म्हणजे सोळा वेगवेगळे दिसणारे क्रम आणि झाड एकच.

आता प्रश्न: बेडूक रोहूच्या जवळचा की कबुतराच्या? बहुतेक जण रोहू म्हणतात, कारण दोघे पाण्यात दिसतात आणि कागदावर शेजारी असतात. उत्तर कबुतर. बेडूक आणि कबुतर यांचा सामाईक पूर्वज ज्या गाठीत आहे ती गाठ, बेडूक आणि रोहूच्या गाठीपेक्षा अलीकडची आहे. नातं फक्त यावरूनच ठरतं, की सर्वांत अलीकडचा सामाईक पूर्वज कोणत्या गाठीत आहे.

> सावधान: दोन टोकांमधल्या गाठी मोजून नातं ठरवू नका. झाडात आणखी दहा पक्षी घातले तर गाठी वाढतील, बेडकाचं नातं मात्र आहे तेच राहील.

"रोहू जुना, कबुतर नवं" हीही नेहमीची चूक. सगळी टोकं आजची आहेत. रोहूचे पूर्वजही तेवढाच काळ बदलत आले आहेत.

> तपासा: झाडात मगर आणि फुप्फुसमासा घाला. मगर पालीपेक्षा कबुतराच्या जवळ बसायला हवी आणि फुप्फुसमासा रोहूपेक्षा बेडकाच्या जवळ. तसं बसवलंत की "सरपटणारे प्राणी" आणि "मासे" हे शाळेतले गट एका फांदीत का मावत नाहीत, ते कुणी सांगायची गरज उरत नाही.

हे न अडखळता सांगता येईपर्यंत पुढे जाऊ नका. चार दिवस लागले तरी हरकत नाही.

टप्पा २: हार्डी-वाइनबर्ग, कॅल्क्युलेटर आणि संयमाने

हार्डी-वाइनबर्ग म्हणजे समतोलाचा नियम: निवड वगैरे काही घडत नसेल आणि जोड्या यदृच्छेने जमत असतील, तर अलीलांच्या (एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांच्या) प्रमाणावरूनच कोणत्या गटात किती जण असतील ते सांगता येतं. सगळ्यांना हे येतं असं वाटतं, आणि सगळ्यांत जास्त गुण इथेच जातात. विदर्भात सिकलसेल घराघरात माहीत आहे, म्हणून उदाहरण तेच घेऊ. आकडे हिशेबासाठी मी रचले आहेत. एका शिबिरात ५०० जणांची तपासणी झाली: एए ४०१, एएस म्हणजे वाहक ८८, एसएस म्हणजे रुग्ण ११.

पायरी पहिली, अलील मोजा. प्रत्येकाकडे दोन, म्हणून ५०० माणसं म्हणजे १,००० अलील. ए अलील: ४०१ ची दुप्पट अधिक ८८, म्हणजे ८९०. म्हणून एचं प्रमाण पी = ०.८९ आणि एसचं प्रमाण क्यू = ०.११.

इथे एक आडवाट आहे आणि निम्मा वर्ग तिने जातो: "रुग्ण ११ भागिले ५००, त्याचं वर्गमूळ म्हणजे क्यू." तसं केलं तर क्यू ०.१४८ येतो. वर्गमूळ काढताना समतोल आहे हे तुम्ही आधीच गृहीत धरलेलं असतं, आणि मग समतोल आहे का ते तपासायला निघता. वाहक मोजता येत असतील तर वर्गमूळाला हात लावू नका.

पायरी दुसरी, अपेक्षित संख्या. पी वर्ग गुणिले ५०० म्हणजे ३९६.०५. दोन पी क्यू गुणिले ५०० म्हणजे ९७.९. क्यू वर्ग गुणिले ५०० म्हणजे ६.०५. बेरीज ५०० आली का ते पाहा.

पायरी तिसरी, काय-स्क्वेअर, म्हणजे मिळालेले आकडे अपेक्षितपेक्षा किती वेगळे आहेत याची चाचणी. प्रत्येक गटात फरकाचा वर्ग भागिले अपेक्षित: ०.०६, १.००, ४.०५. बेरीज ५.११.

पायरी चौथी, डिग्रीज ऑफ फ्रीडम. गट तीन, म्हणून "तीन वजा एक, दोन" असं लिहिलं की संपलं. दोनसाठीची मर्यादा ५.९९ आहे, बेरीज तिच्या आत आहे, म्हणजे तुम्ही लिहिणार "समतोल आहे". पण पी तुम्ही याच आकड्यांतून काढलाय, त्यासाठी आणखी एक वजा होतो. उरतो एक, आणि एकची मर्यादा ३.८४. निष्कर्ष पूर्ण उलटा: समतोल नाही. विद्यार्थी असताना मी स्वतः हीच चूक तोंडी परीक्षेत केली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काहीच न बोलता फक्त खडू माझ्यासमोर धरला होता. तो खडू अजून आठवतो.

पायरी पाचवी मात्र खरी अ‍ॅडव्हान्स्ड आहे: समतोल का नाही? पटकन हात वर होतो, "सर, नैसर्गिक निवड!" पण आकडे पाहा. वाहक ९७.९ अपेक्षित होते, मिळाले ८८. मलेरियापासून संरक्षण मिळून वाहकांना फायदा झाला असता तर मोठ्या माणसांत वाहक उलट जास्त दिसायला हवेत. इथे कमी आहेत. कमतरता किती, तर एक वजा ८८ भागिले ९७.९, म्हणजे साधारण ०.१०. अशा वेळी पहिला संशय नमुन्यावर घ्यायचा. शिबिरात वेगवेगळ्या समाजांचे लोक आले, प्रत्येक समाजात लग्नं आपापसात होतात, आणि एस अलीलचं प्रमाण समाजागणिक वेगळं असतं. प्रत्येक समाज आपल्या जागी समतोलात असला तरी सगळ्यांना एका यादीत टाकलं की वाहक कमी पडल्यासारखे दिसतात. याला वाहलुंड परिणाम म्हणतात. समाजनिहाय याद्या वेगळ्या करून हिशेब पुन्हा करा.

> सावधान: सूत्र लावण्याआधी प्रजनन कसं होतं ते विचारा. काटोल-वरूडकडच्या संत्र्याच्या बागेत जंबेरीच्या खुंटावर एकाच चांगल्या झाडाचे डोळे बांधलेले असतात. सगळी बाग म्हणजे एकाच झाडाच्या प्रती. तिथे हार्डी-वाइनबर्ग लावणं म्हणजे एकाच माणसाचे चारशे फोटो मोजून जनगणना करणं.

टप्पा ३: निवड, पण आकड्यांत

आधी सिकलसेलच पुढे न्या. वाहक सर्वांत फायद्यात असतील, तर एस अलील ना संपतो, ना सगळीकडे पसरतो, मधे कुठेतरी थांबतो. एए असण्याचा तोटा ०.१ आणि एसएस असण्याचा तोटा ०.८ धरला, तर एसचं समतोल प्रमाण = ०.१ भागिले ०.९, म्हणजे ०.११. वरती एएचा तोटा, एसएसचा नाही. उलटं लिहिलंत तर ०.८९ येईल, म्हणजे दहातले नऊ अलील सिकलसेलचे. उत्तराकडे एकदा नुसतं पाहिलं तरी ही चूक सापडते, पण पाहायचं कुणी?

दुसरं उदाहरण कापसाचं, आणि याला विदर्भात तोड नाही. बीटी कापसाला (बॅक्टेरियाचं जनुक घातल्यामुळे अळीला विष ठरणाऱ्या कापसाला) भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं बीटी २००६ मध्ये आलं, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने इथल्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं. वर्गात कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: "अळीले सवय झाली न सर, बीटीची."

हे उत्तर लिहिलं की शून्य. कुठल्याही एका अळीला सवय झाली नाही. ज्यांना विष बाधलं त्या मेल्या. काहींकडे प्रतिकाराचं अलील आधीपासून होतं, त्या उरल्या आणि त्यांची पिलावळ वाढली. बदलली ती अळ्यांची समष्टी, म्हणजे सगळ्या अळ्यांचा मिळून गट.

आता हिशेब. प्रतिकाराचं अलील अप्रभावी आहे (दोन्ही प्रती असतील तरच काम करतं) आणि त्याचं प्रमाण हजारात एक आहे असं धरा. दोन्ही प्रती असलेली अळी दहा लाखांत एक. एकच प्रत असलेल्या सुमारे दोन हजार, आणि त्या बीटी खाऊन मरतात. म्हणून ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याचं पाकीट कडेने पेरायला दिलं जायचं. साध्या कपाशीवर वाढलेले असंख्य संवेदनशील पतंग त्या एखाद्या प्रतिकारक पतंगाशी जुळले, की पिल्लांकडे एकच प्रत येते आणि बीटीवर ती मरतात. साधं पाकीट बांधावरच पडून राहिलं, तर वाचलेल्या प्रतिकारक पतंगाला जोडीदारही प्रतिकारकच मिळतो. वर फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी शेतात ठेवली, की अळीला पुढे महिनोन्‌महिने खायला मिळत राहतं.

> तपासा: हे सगळं "अलील अप्रभावी आहे" या एका वाक्यावर उभं आहे. ते प्रभावी असतं तर साध्या कपाशीचा पट्टा किती कामाचा राहिला असता, हे चार ओळींत लिहा. जमलं नाही तर टप्पा दोन पुन्हा.

टप्पा ४: ड्रिफ्ट, मण्यांनी

ड्रिफ्ट म्हणजे निवडीविना, नुसत्या योगायोगाने अलीलांचं प्रमाण बदलणं. दहा लाल, दहा पांढरे मणी एका डब्यात. म्हणजे दहा द्विगुणित जीव, वीस अलील. न पाहता एक मणी काढा, रंग लिहा, परत डब्यात टाका, हलवा. असं वीस वेळा. आलेल्या प्रमाणाने नवा डबा भरा, ती पुढची पिढी. एकच रंग उरेपर्यंत चालवा.

दोन चुका. मणी परत न टाकता वीसच्या वीस काढले तर प्रत्येक पिढी दहा-दहाच निघेल आणि तुम्ही म्हणाल ड्रिफ्ट नावाचं काही नसतं. दुसरी, तूर आणि हरभरा वापरणं. बोटांना मोठा दाणा आधी लागतो. मग ती निवड झाली, ड्रिफ्ट नव्हे.

दर पिढीला विषमयुग्मता (दोन वेगळी अलील असलेल्या जीवांचं प्रमाण) सरासरी एक विसांशाने, म्हणजे ५ टक्क्यांनी घटते. साधारण चौदा पिढ्यांत निम्मी. तुमच्या एका डब्यात हे तंतोतंत दिसणार नाही. चौघांनी चार डबे चालवा आणि सरासरी काढा.

परिणामकारक समष्टीचा, म्हणजे ड्रिफ्टसाठी धरायच्या संख्येचा, एक हिशेबही इथेच उरका. तीन पिढ्यांत संख्या १००, १००, १० असेल तर साधी सरासरी ७०. पण इथे हरात्मक माध्य लागतं: तीन भागिले ०.१२, म्हणजे २५. एका वाईट वर्षाची किंमत एवढी असते.

टप्पा ५: खऱ्या डीएनएवरून झाड

आता संगणक. पहिल्या दिवशी मेगा हे झाडं काढायचं सॉफ्टवेअर उघडून बटणं दाबत बसणारे इथे येऊन अडकतात. तुम्ही टप्पा एक केलाय, तुम्ही अडकणार नाही.

१. प्रश्न आधी लिहा, एका वाक्यात. "कोळ्यांचं झाड काढायचं" हा प्रश्न नाही. "या तीन जातींपैकी कोणत्या दोन एकमेकींच्या जवळच्या?" हा आहे.

२. एनसीबीआय या जनुकक्रमांच्या ऑनलाइन साठ्यावरून एकाच जनुकाचे क्रम घ्या. प्राण्यांसाठी सीओआय या मायटोकॉन्ड्रियल जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा सोयीचा. आठ-दहा जाती पुरे. दहा जातींसाठी मूळ असलेली शक्य झाडं ३ कोटी ४४ लाख ५९ हजार ४२५ होतात. सुरुवातीलाच पन्नास जाती घेऊन काय करणार?

३. आउटग्रुप, म्हणजे मूळ कुठे ते ठरवायला घेतलेली बाहेरची जात, आत्ताच निवडा. जवळचा हवा, पण गटाबाहेरचा नक्की हवा. तो नसेल तर सॉफ्टवेअर मूळ कुठेतरी दाखवून मोकळं होतं आणि तुम्ही तेच खरं मानून निष्कर्ष लिहिता.

४. अलाइनमेंट करा, म्हणजे सगळे क्रम अक्षराखाली अक्षर लावा, आणि डोळ्यांनी पाहा. एखादी ओळ बाकीच्यांशी अजिबात जुळत नसेल, तर तो क्रम उलट्या पट्टीचा असण्याची शक्यता आहे. रिव्हर्स कॉम्प्लिमेंट करून पुन्हा लावा.

५. क्रम प्रथिनात भाषांतरित करून मधेच थांब-संकेत येतो का ते बघा. गेल्या वर्षी एक मुलगी रात्री साडेअकराला फोनवर रडकुंडीला आली होती, "सर, सगळ्याच क्रमांत स्टॉप येताहेत, डेटाच खराब आहे." डेटा ठीक होता. तिने नेहमीचा जनुकीय संकेत ठेवला होता. मायटोकॉन्ड्रियात टीजीए म्हणजे थांब नाही, ट्रिप्टोफॅन. कशेरुकी प्राण्यांसाठी एक तक्ता, कीटकांसारख्या अकशेरुकींसाठी दुसरा. मेन्यूत एक क्लिक, आणि सगळे स्टॉप गेले. तक्ता बरोबर असूनही स्टॉप आले तर वाचनचौकट तपासा. तरीही आले, तर तो क्रम केंद्रकात जाऊन पडलेली निकामी प्रत असू शकतो. तो काढून टाका.

६. मॉडेल निवडा, झाड काढा, बूटस्ट्रॅप चालवा.

> सावधान: बूटस्ट्रॅप ९५ म्हणजे "हा गट खरा असण्याची शक्यता ९५ टक्के" नव्हे. अलाइनमेंटचे स्तंभ पुनःपुन्हा उचलून काढलेल्या शंभर झाडांपैकी ९५ मध्ये तो गट आला, एवढंच. मुळात चुकीचं जनुक घेतलं असेल तर चुकीच्या गटालाही शंभर मिळतात.

झाडाला काळ लावायचा असेल तर जीवाश्म किमान वय सांगतो, जन्मतारीख नाही. आपल्या शेजारचं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचं. तिथल्या डायनासोरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडले आणि २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याचा अर्थ, डायनासोर संपण्याआधी, म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, गवत होतंच. ते तेव्हाच जन्मलं असा अर्थ मात्र निघत नाही.

टप्पा ६: एक शोधनिबंध, एक तक्ता

शोधनिबंध पहिल्या ओळीपासून वाचू नका. आधी आकृत्या आणि तक्ते, मग पद्धती, मग निष्कर्ष, प्रस्तावना शेवटी. सरावाला मॅकडोनाल्ड आणि क्राइटमन यांची १९९१ ची चाचणी उत्तम, कारण सगळा जीव चार आकड्यांत आहे. ड्रोसोफिला या फळमाशीच्या एडीएच जनुकात जातींमधले पक्के फरक: अमिनो आम्ल बदलणारे ७, न बदलणारे १७. जातींच्या आतले फरक: बदलणारे २, न बदलणारे ४२.

बदल निवडीविना, आपोआप साचत असतील तर दोन्ही गुणोत्तरं सारखी हवीत. ७ भागिले १७ म्हणजे ०.४१, तर २ भागिले ४२ म्हणजे ०.०५. जातींमध्ये अमिनो आम्ल बदलणारे फरक अपेक्षेपेक्षा फार जास्त. फायद्याच्या बदलांना निवडीने पुढे ढकललं, असा त्याचा अर्थ लावला जातो.

नेहमीची चूक स्तंभांची. एखाद्या जागी जातींमध्ये फरक आहे, पण त्याच जागी एका जातीच्या आतही दोन प्रकार आहेत. तो "पक्का" स्तंभात टाकायचा नाही. दुसरी चूक आकडे छोटे असताना काय-स्क्वेअर लावण्याची. इथे फिशरची एक्झॅक्ट चाचणी लावा.

> तपासा: आतले बदलणारे फरक २ ऐवजी १५ असते तर? गुणोत्तर ०.३६ होतं, जवळजवळ ०.४१ एवढंच, आणि निवडीचा दावा कोसळतो. आता उलट विचार करा: किंचित अपायकारक अलील समष्टीत थोडा काळ रेंगाळत असतील तर ते कोणत्या रकान्यात जाऊन बसतील आणि कोणता निष्कर्ष झाकतील? याचं उत्तर वहीत लिहिल्यावर त्या तीन रंगांच्या नोट्स काढायला हरकत नाही.